लॅव्हेंडरच्या बाटलीवर ‘शंभर टक्के शुद्ध’ छापलेले असते, पण ते पारखायचे कसे?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)

सर्वांना नमस्कार. माझ्या सासूबाईंचे वय ७१ आहे. गेल्या दिवाळीपासून त्यांना रात्री दोन-अडीचच्या सुमारास जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. डॉक्टरांना दाखवून झाले, तपासण्यांत काही निघाले नाही. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मी एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून लॅव्हेंडरचे इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेले सुगंधी तेल, आणले. ३० मिलीलिटरचे २५० रुपये दिले. बाटलीवर ‘शंभर टक्के शुद्ध’ आणि ‘थेरप्यूटिक ग्रेड’ (उपचारासाठीचा दर्जा) असे ठळक छापले आहे, परंतु वनस्पतीचे शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक किंवा पीक कुठले, यांपैकी काहीही दिलेले नाही.

बेडरूममध्ये डिफ्युझर (तेलाचा वास खोलीत पसरवणारे उपकरण) लावून त्यात १५ थेंब टाकले, तर तासाभरात सासूबाईंचे डोके दुखू लागले आणि मलाही मळमळल्यासारखे झाले. शिवाय दीड महिन्यातच ड्रॉपरचे रबर फुगून चिकट झाले आहे. तेल खोटे म्हणून हा त्रास झाला, की आमच्या वापरण्यात काही चुकले? थोडे पैसे जास्त पडले तरी चालेल, पण त्यांच्या उशाशी मी काय ठेवते आहे ते मला नीट कळायला हवे.

उत्तर १ (रबाळे, नवी मुंबई)

ताई, मी इथल्या औद्योगिक वसाहतीत सुगंधी कच्च्या मालाच्या तपासणीचे काम करतो, त्यामुळे तुमचा प्रश्न रोजच्या कामातलाच आहे.

‘थेरप्यूटिक ग्रेड’ हा दर्जा कोणतीही सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय संस्था देत नाही. तो शब्द विक्रेत्याचा असतो, म्हणून तो वाचून सोडून द्यावा. बाटलीवर आधी शास्त्रीय नाव शोधावे. ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया’ म्हणजे खरे लॅव्हेंडर. ‘लॅव्हेंड्युला इंटरमीडिया’ म्हणजे लॅव्हेंडिन, ही संकरित जात. तिच्यातून तेल जास्त निघते, म्हणून ते स्वस्त पडते. साबणासाठी ते उत्तम आहे, पण नुसते ‘लॅव्हेंडर’ म्हणून तेच खपवले जाते. फरक कापरात दिसतो: खऱ्या लॅव्हेंडरमध्ये कापराचा अंश साधारण एक टक्क्याच्या आत असतो, तर लॅव्हेंडिनमध्ये तो कित्येकदा ६ ते ८ टक्के भरतो. झोपेसाठी आणलेल्या तेलाला बामसारखा उग्र वास येत असेल, तर ही शंका घ्यायला जागा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जीसी-एमएस या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा रिपोर्ट. या तपासणीत तेलातले घटक वेगवेगळे होऊन प्रत्येकाचे प्रमाण कळते. लॅव्हेंडरच्या रिपोर्टमध्ये लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट हे दोन घटक सर्वांत मोठे असायला हवेत. बरेच विक्रेते एकच जुना रिपोर्ट वर्षानुवर्षे सर्वांना पाठवत राहतात, म्हणून रिपोर्टवरचा बॅच क्रमांक आपल्या हातातल्या बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. हे दोन्ही घटक कारखान्यात तयार होतात आणि तेलात मिसळलेही जातात, त्यामुळे साध्या रिपोर्टने भेसळ दर वेळी पकडली जाईलच असे नाही. तरीही जो विक्रेता बॅचचा रिपोर्ट मागताक्षणी देतो, तो निदान आपला माल ओळखून असतो.

दुकानात आणखी एक गोष्ट ताबडतोब दिसते. गुलाब, चंदन, मोगरा आणि लिंबू अशा सगळ्या बाटल्यांची किंमत सारखीच असेल, तर तिथून परत फिरावे. किलोभर गुलाबतेलाला काही हजार किलो पाकळ्या लागतात, तर लिंबाचे तेल सालीतून दाबून निघते. या दोहोंचा भाव एक असूच शकत नाही. स्ट्रॉबेरी किंवा हिरव्या सफरचंदाचे इसेन्शियल ऑइल तर नसतेच.

रबर फुगले यावरून तेल खोटे ठरत नाही, कारण खरे तेलही रबर खाते. मात्र ते रबर विरघळून तेलात उतरते, म्हणून ती बाटली आता वापरू नका. चांगले विक्रेते तपकिरी काचेच्या बाटलीच्या तोंडाशी थेंब पाडणारी प्लास्टिकची चकती बसवतात.

उत्तर २ (नौपाडा, ठाणे)

ताई, या दादांचे म्हणणे योग्यच आहे, पण रिपोर्ट वाचणे सर्वांना जमत नाही. आमचे वडील अत्तराचे शौकीन होते. ते पांढऱ्या कागदावर थेंब टाकून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला, तर माल परत करत.

मला स्वतःला मात्र लॅव्हेंडरपेक्षा आपल्या मातीतला वास जवळचा वाटतो. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला वाळ्याच्या तेलाने जे बरे वाटते, ते परदेशी फुलाने वाटेलच असे नाही. कनौजला तांब्याच्या भांड्यांतून काढलेल्या वाळ्याच्या तेलाला, म्हणजे रूह खसला, हिरवट झाक असते आणि ती तांब्यामुळे येते. आपल्या खानदेशातले रोशा गवताचे तेलही एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जात असे आणि तिथे ते गुलाबाच्या तेलात मिसळले जाई. इतका त्याचा वास गुलाबाशी जुळतो! म्हणजे आपलेच चांगले तेल भेसळीसाठी वापरले गेले, याचे मला आजही वाईट वाटते. ते स्वतःच्या नावाने घ्यावे अशा योग्यतेचे आहे. लॅव्हेंडरच हवे असेल, तर आता जम्मूच्या भदरवाह भागातही त्याची चांगली शेती होते.

उत्तर १ यांचा प्रतिसाद

काका, रोशाबद्दल अगदी मनातले बोललात. कागदाच्या परीक्षेबद्दल मात्र एक दुरुस्ती सुचवतो. त्या परीक्षेत खोबरेल किंवा तत्सम तेलाची भेसळ कळते, पण वाळा आणि चंदन ही तेले जड असल्यामुळे शुद्ध असूनही डाग ठेवतात. उलट कृत्रिम लिनॅलूल कागदावरून मागमूस न ठेवता उडून जाते. त्यापेक्षा दोन तेलांचे कागद शेजारी ठेवून दर तासाला वास घ्यावा. खऱ्या तेलाचा वास हळूहळू बदलत जातो, बनावट तेलाचा बहुधा एकसुरी राहतो.

उत्तर ३ (नेरुळ, नवी मुंबई)

मी परिचारिका आहे. ताई, बंद खोलीत १५ थेंब म्हणजे फारच झाले. इतक्या प्रमाणात उत्तम तेलानेही डोके दुखते. तीन थेंब, अर्धा तास आणि खिडकी थोडी उघडी, एवढे पुरे. घरात कोणाला दमा असेल, तर तेवढेही डॉक्टरांना विचारूनच करावे.

तेल अंगाला लावायचे झाल्यास ते थेट लावू नका. ३० मिलीलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, हे प्रमाण ठेवा आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा. दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात जाऊ नये, त्वचा भाजल्यासारखी होते. बाटली वर्षानुवर्षे उघडी पडलेली असेल, तर तेल हवेने बिघडते आणि मग त्याची अ‍ॅलर्जी सहज होते.

एका गोष्टीसाठी मी अक्षरशः हात जोडते. निलगिरीचे तेल आणि कापूर मुलांच्या हाताला लागू देऊ नका. निलगिरीचे चमचाभर तेल पोटात गेले, तरी लहान मूल बेशुद्ध पडू शकते, आणि कापराने झटके येतात. तान्ह्या बाळाच्या नाकाशी तर ही तेले नेऊच नयेत. घरात मांजर असेल, तर टी ट्री तेल तिच्यासाठी विषारी असते.

झोपेबाबत सांगायचे, तर लॅव्हेंडरच्या वासाने काहींना शांत वाटते आणि छोट्या अभ्यासांत तसे दिसलेही आहे, पण ते झोपेचे औषध नव्हे. सासूबाई संध्याकाळचा चहा किती वाजता घेतात आणि त्यांची एखादी गोळी रात्रीऐवजी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (दहा दिवसांनंतर)

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. तीन विक्रेत्यांकडे बॅचचा रिपोर्ट मागितला. एकाने उत्तरच दिले नाही, दुसऱ्याने वेगळ्याच बॅचचा कागद पाठवला, तिसऱ्याने बाटलीशी जुळणारा रिपोर्ट दिला आणि त्यात कापूर ०.४ टक्के होता. त्यांच्याकडून १० मिलीलिटरची बाटली घेतली. पहिल्या बाटलीपेक्षा ती बरीच महाग पडली, पण आता कापसाच्या बोळ्यावर दोनच थेंब टाकते, त्यामुळे ती पुष्कळ दिवस जाईल.

सासूबाईंचा साडेसहाचा चहा आम्ही चारवर आणला आहे. गेल्या आठवड्यात चार रात्री त्या साडेचारपर्यंत झोपल्या. त्यात चहाचा वाटा किती आणि तेलाचा किती, हे मी सांगू शकत नाही.

दादांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या आणि नव्या तेलाचे कागदही शेजारी ठेवून पाहिले. जुन्याचा वास रात्रीपर्यंत तसाच होता, धुण्याच्या साबणासारखा. नवा कागद संध्याकाळी सासूबाईंच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर आमच्या गावच्या गवताच्या गंजीचा वास आहे.”