प्रतिसाद: पाच दिवसांत राजस्थान

पाच दिवसांत जयपूर, जोधपूर, जैसलमेर आणि उदयपूर? जमेल हो, पण बघण्यापेक्षा बसणंच जास्त होईल. मी जयपूर सरळ कापलं असतं.

वांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेसने थेट जोधपूर गाठा. जैसलमेरची ये-जा रात्रीच्या गाडीने, म्हणजे दोन रात्रींचं हॉटेल वाचतं.

जोधपूर-उदयपूर मात्र बसनेच. वाट वाकडी करून रणकपूरला उतरा, १४४४ खांबांचं जैन मंदिर आहे. पर्यटकांना दुपारी बारानंतरच आत सोडतात, त्यामुळे पहाटेची बस धरण्यात काही अर्थ नाही. आम्ही दहालाच पोचलो आणि पायरीवर बसून चिवड्याचा अख्खा डबा संपवला! चामड्याचा पट्टाही बाहेर काढून ठेवावा लागतो.

परतीचं तिकीट आधी काढा, वेटिंगवर विसंबू नका.