लेहची मूव्ह ऑर्डर (बदलीचा हुकूम) आलीय, वॉर्डात काय वाट्याला येईल?

पुण्याची_लेफ्टनंट: एएफएमसीतून (सैन्यदलांचं पुण्यातलं मेडिकल कॉलेज) बीएस्सी नर्सिंग करून एमएनएसमध्ये, म्हणजे सैन्याच्या नर्सिंग सेवेत, कमिशन मिळालं. पहिलं पोस्टिंग मैदानी भागात झालं, आता लेह, तेही ऐन नोव्हेंबरात. आईला वाटतंय मी थेट चौकीवर जाणार. तिथे राहून आलेल्या कुणी सांगाल का?

माजी_कॅप्टन: आईला सांग, तू हॉस्पिटलात असशील. पेशंट वरच्या चौक्यांवरून तुझ्याकडे येतात, कधी हेलिकॉप्टरनं. पण पहिले सहा दिवस तूच पेशंट. साडेअकरा हजार फूट आहे गं! दोन दिवस नुसता आराम, मग सावकाश चालणं, शेवटी थोडा चढ. वॉर्डात माणसं कमी दिसली म्हणून मध्येच ड्युटी मागायला जाऊ नकोस. अशा उत्साही पोरींना आमच्या मेट्रन फार बोलायच्या.

हापो, म्हणजे उंचीवर फुप्फुसात पाणी होणं, तू पुस्तकात वाचलाच असशील. तिथे तो बाविशीच्या धडधाकट पोराला होतो. सुट्टीवरून परतलेल्यांनाही होतो, कारण ‘मला सवय आहे’ म्हणत त्यांना वर जायची घाई. आधी खोकला आणि धाप, मग गुलाबी फेस. ऑक्सिजन लावायचा, खाली उतरवायचं. वेळेत आला तर काही दिवसांत वॉर्डात पत्ते कुटतो.

फ्रॉस्टबाइट (हिमदंश) मात्र अंगावर येतं. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बोटं धरली की माणूस कळवळतो, म्हणून वेदनाशामक आधी. चोळायचं अजिबात नाही. पुढे आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग. मेलेला भाग कुठे संपतो ती रेषा स्पष्ट होईपर्यंत सर्जन सहसा कापत नाहीत. सर्जन राउंड घेऊन जातात, रोज ड्रेसिंगला तू असतेस. मग तुलाच विचारणार, ‘मॅडम, बोट राहील ना?’ मराठा लाइट इन्फंट्रीतला असला तर मराठीत विचारतो, ते जास्त जड जातं. मी कधी ‘हो’ म्हटलं नाही. ‘कालच्यापेक्षा कोरडं आहे’ एवढंच, तेही खरं असेल तेव्हाच. बोटापेक्षा मेडिकल कॅटेगरी (फिटनेसची श्रेणी) घसरायची धास्ती कित्येकांना मोठी असते, त्यावर तर आपल्याकडे उत्तरच नसतं.

पुण्याची_लेफ्टनंट: बाप रे. ताई, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) इथूनच सुरू करू का? सोबत काय नेऊ?

माजी_कॅप्टन: मनानं काही घेऊ नकोस, एमओला (मेडिकल ऑफिसरला) विचार. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांग. इकडचं प्रीपेड सिम तिथे सहसा चालत नाही, पोस्टपेड करून जा. व्हॅसलीन भरपूर, नाक कोरडं पडून रक्त येतं. मेतकूट नेच. आणि रात्री बंद खोलीत बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटती ठेवून झोपायचं नाही.

निवृत्त_हवालदार: मॅडम, मी एएमसीत (आर्मी मेडिकल कोअर) नर्सिंग असिस्टंट होतो. एक राहिलं. गारठलेल्या हाताची शीर सापडत नाही, आधी हात उबेत ठेवा, मग सुई. सलाइनही कोमट करून लावा. जुन्या नर्सिंग असिस्टंटला विचारायला लाजू नका, तो आनंदानं दाखवेल.