अटारी स्टार वॉर्स (1983): योक डावीकडे नेला की नेम उडतो

एडिसनकर
अटारीचं 1983 चं स्टार वॉर्स आर्केड मशीन, उभं कॅबिनेट. कलर वेक्टर मॉनिटर (चित्र रेषांनी काढणारा पडदा) उत्तम आहे, आवाज स्वच्छ येतो. अडचण फक्त योकची, म्हणजे नेम धरायच्या दोन मुठींच्या हँडलची. डावीकडे साधारण अर्ध्यावर नेला की नेमाचं चिन्ह उडी मारून कडेला जातं आणि परत येतं. उजवीकडे ते कडेपर्यंत पोचतच नाही. वर-खाली बिनतक्रार, चारही फायर बटणं चालतात. आधी पॉट (योकची जागा मोजणारा फिरता रेझिस्टर) बदलू की मेन बोर्ड तपासू?

वेक्टर_वसई
बोर्ड सध्या राहू द्या. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही पॉटचं व्होल्टेज एकाच एडीसी 0809 चिपमधून (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) वाचलं जातं. चिप किंवा 5 व्होल्टचा पुरवठा बिघडला असता तर बहुधा दोन्ही दिशांना थरथर दिसली असती. चिपचं एखादंच चॅनल जाऊ शकतं, पण ते सगळ्यात शेवटी बघा.

नेम दर वेळी त्याच जागी उडत असेल तर पॉटचा ट्रॅक झिजला आहे किंवा गिअरचा दात गेला आहे. मशीन बंद करा, योकचा कनेक्टर काढा आणि मीटर ओहमवर ठेवा. पॉट 5 के (किलो-ओहम) चा आहे, दोन टोकांमध्ये साधारण तेवढंच दिसायला हवं. मग मधली पिन आणि एक टोक यांवर मीटर लावून योक अगदी सावकाश फिरवा. शक्यतो काट्याचा मीटर घ्या. डिजिटलवर आकडे इतक्या भरभर बदलतात की क्षणभराची तूट नजरेतून सुटते. काटा एकाच जागी झटका देत असेल तर पॉट बदला. कॉन्टॅक्ट क्लीनरने काही दिवस सुधारल्यासारखं वाटेल, पण झिजलेला ट्रॅक त्याने भरून येत नाही.

नवा पॉट लिनिअरच (फिरवाल त्याच प्रमाणात बदलणारा) हवा, म्हणजे हल्लीच्या खुणेप्रमाणे बी5के. ए5के, म्हणजे लॉग प्रकारचा, बसवलात तर नेम एका बाजूला रेंगाळेल आणि दुसऱ्या बाजूला सुसाट पळेल.

गिअरवाला
उजवीकडे कडेपर्यंत न पोचण्याचं कारण बहुधा वेगळं आहे: पॉट मध्यावर बसलेला नाही. योक हात न लावता सरळ असताना मधल्या पिनपासून दोन्ही टोकांना साधारण अडीच-अडीच के यायला हवं. तसं नसेल तर गिअर सोडवा, पॉट मध्यावर आणा आणि दात पुन्हा जुळवा. हे नीट करा, कारण पॉट एका बाजूला सरकलेला असला की योक पूर्ण वळण्याआधीच पॉटचा अडसर लागतो, आणि खेळणारा जोर लावतो तेव्हा दात तुटतो. नवा गिअर टाकूनही मध्य चुकला तर तोही तसाच तुटेल.

वायरिंगही बघाच. योक हलला की तारा प्रत्येक वेळी वाकतात आणि इन्सुलेशनच्या आत तुटतात, वरून काही कळत नाही. योक स्थिर धरून फक्त तारा हलवा. नेम तेव्हाही उडाला तर पॉटवर पैसे घालवू नका. दातांना प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, तेही अगदी पातळ. जास्त झालं तर ओघळून पॉटमध्ये शिरतं.

1985 चं एम्पायर स्ट्राइक्स बॅक हे याच मशीनसाठीचं बदल-किट होतं, त्यामुळे त्या नावाखालीही सुटे भाग शोधा.

वेक्टर_वसई
एक राहिलं. मीटर लावताना हात फक्त योकपाशी ठेवा. मॉनिटरच्या हाय व्होल्टेज भागात मशीन बंद केल्यावरही चार्ज टिकून असतो.

खंदकवीर
काम झालं की खेळून तपासा, पण पहिल्या फेरीवर थांबू नका. तिथे टाय फायटर (शत्रूची छोटी यानं) झाले की थेट खंदक येतो, मनोरे लागतच नाहीत. सुरुवातीला डेथ स्टार निवडायला मिळतो, तिथे मधली पातळी घ्या म्हणजे तिसऱ्या फेरीपासून खेळ सुरू होईल. मनोऱ्यांची टोकं टिपताना आडव्या दिशेचा दोष लगेच उघडा पडतो. उभ्या दिशेसाठी खंदकातले आडवे अडथळे वर-खाली चुकवून बघा. तपासणीपुरत्या डीआयपी स्विचवरून (बोर्डवरचे सेटिंगचे छोटे स्विच) शील्ड, म्हणजे यान किती मार सोसतं तो आकडा, 6 च्या 9 करून घ्या.

योक खरंच सुधारला का हे पाहायचं असेल तर खंदकात एकही गोळी न झाडता शेवटच्या झरोक्यापर्यंत जा आणि तिथेच फायर करा. त्यासाठी मिळणारा ‘फोर्स’चा बोनस पहिल्या फेरीत 5,000, मग 10,000, 25,000, 50,000 आणि पाचवीपासून 1,00,000. गोळी झाडायची नसल्याने शत्रूचे आगीचे गोळे फोडता येत नाहीत, म्हणून सगळी भिस्त चुकवण्यावर असते, आणि मध्य जरा जरी सरकलेला असला तरी यान एका बाजूला ओढलं जाताना स्पष्ट कळतं.