प्रतिसाद: भूकंपात जमीन दरीसारखी दुभंगत नाही, घर पडतं

सिनेमातल्या विज्ञानाच्या चुकांबद्दल बोलताना अंतराळातल्या स्फोटांना आवाज दाखवतात याची चर्चा झाली, पण मला त्याहून जास्त खटकतात ते भूकंपाचे सीन. 'सॅन अँड्रियास' (2015) मध्ये जमीन फाटून मोठी दरी पडलेली दाखवली आहे. सॅन अँड्रियास हा कॅलिफोर्नियातला खरा भ्रंश, म्हणजे भूकवचातली लांबलचक भेग; तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. मधे एवढी फट पडली तर घर्षणच उरणार नाही, मग भूकंप कशाचा? त्सुनामीचंही तसंच. हा भ्रंश बहुतांशी जमिनीवर आहे, आणि आडव्या सरकण्यानं समुद्राचं पाणी एवढं उचललं जात नाही.

माझं आजोळ उमरग्याकडचं, म्हणून हे मनाला लागतं. किल्लारीचा भूकंप: 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, दमूनभागून लोक घरात झोपलेले. तीव्रता 6.2 च्या आसपास, म्हणजे सिनेमावाल्यांच्या हिशेबानं काहीच नाही. तरी किल्लारी, सास्तूर भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जमिनीनं कुणाला गिळलं नाही. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती ढासळल्या आणि वरून माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, टनावारी माती अंगावर आली. भिंतीतले दगड एकमेकांत गुंतवणारे लांब, आरपार दगड बऱ्याच ठिकाणी नव्हतेच.

आणि सिनेमातला तो शास्त्रज्ञ, अमुक वेळेला भूकंप होणार म्हणून सांगणारा! असं भाकीत आजही कुणाला करता येत नाही. तसल्या अफवांनी आमच्याकडे लोकांनी रात्री अंगणात काढल्यात.