फिल्टर १एक्सवर (पंख्याच्या फिरण्याच्या फ्रिक्वेन्सीवर) लावला तरी काटा डोलतोय

पंखेवाला: आयडी फॅनचं (धूर-वायू ओढून घेणारा पंखा) फील्ड बॅलन्सिंग (जागेवरच तोल साधणं) करायचंय, मोटर डायरेक्ट कपल, स्पीड १४४० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. कंपन मोजायचा जुना अ‍ॅनालायझर आहे, नॉब फिरवून फिल्टर २४ हर्ट्झवर आणला की काटा ४-४ सेकंदांनी वरखाली होतो आणि फेजपण (कंपनाचा कोन) पळते, ट्रायल वेट (अंदाज घ्यायला लावायचं वजन) कशाच्या भरवशावर लावू?

जुना फिटर: शेजारी दुसरा फॅन चालू आहे का? तो १४५५ वर असेल तर फरक १५ आरपीएम म्हणजे पाव हर्ट्झ, बीट (दोन जवळच्या कंपनांच्या मिसळण्याने होणारा चढउतार) बरोबर ४ सेकंदांचा. फिल्टरची ५ टक्के बँडविड्थ (तो आत येऊ देतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) म्हणजे २४ ला १.२ हर्ट्झ, दोघेही आतच घुसणार. तो बंद करायला सांगा, प्रॉडक्शनवाले कुरकुरतील, कुरकुरू दे.

कंपनराव: टॅको (स्पीड मोजणारा सेन्सर) असेल तर शाफ्टला रिफ्लेक्टिव्ह टेप लावून फिल्टर त्यावर लॉक करा, लोडने स्पीड सरकला तरी तो मागोमाग जातो, नॉब धरून बसायला नको. पण बीट त्याने जाणार नाही हां. आणि बँड जितका अरुंद तितका रीडिंग स्थिर व्हायला वेळ.

पंखेवाला: शेजारचा बंद केला, काटा जागेवर! पण मोटर बंद केल्यावर कोस्टडाउनमध्ये (पंखा आपोआप थांबेपर्यंत) मध्येच एकदम उसळतो?

जुना फिटर: तिथे फेजपण झपकन फिरत असेल तर रेझोनन्स, म्हणजे त्या स्पीडला ढाच्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी जुळते. आधी फाउंडेशन बोल्ट बघा.