चर्चा: जीएसटीच्या वादात ‘सुनावणी नको’ या खुणेला किती वजन द्यावे?

हिशेबनीस:
जीएसटी कायद्याच्या कलम ७५(४) प्रमाणे करदात्याने लेखी मागणी केली असेल किंवा त्याच्याविरुद्ध निर्णय द्यायचे घाटत असेल, तर सुनावणीची संधी द्यावीच लागते; दोहोंपैकी एक अट पुरेशी आहे. तरीही कराच्या नोटिशीला उत्तर देण्याच्या फॉर्मवर सुनावणीच्या रकान्यात ‘नाही’ अशी खूण दिसली की काही अधिकारी थेट मागणीचा आदेश काढतात. अशा खुणेने हक्क जात नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भारत मिंट प्रकरणात म्हटले आणि मला ते पटते. पुरवठादाराने बिल चुकून दुसऱ्याच्याच जीएसटी क्रमांकावर चढवले, तर ३बी (व्यापाऱ्याने स्वतः भरलेले विवरणपत्र) आणि २ए (पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणारा तक्ता) यांत फरक पडतो आणि व्यापाऱ्याने खोटे क्रेडिट, म्हणजे खरेदीवरील कराची खोटी वजावट, घेतल्यासारखे दिसते. सुनावणीत बिल, बँकेचा उतारा आणि खतावणी समोर ठेवली की उलगडा होतो.

निवृत्त करअधिकारी:
स्वतःच ‘नाही’ म्हणायचे आणि आदेश विरुद्ध गेला की ‘आमचे ऐकलेच नाही’ म्हणत उच्च न्यायालय गाठायचे, हे मला मान्य नाही. आदेशाची मुदत उलटली तर कलम ७५(१०) नुसार कारवाईच संपल्याचे मानले जाते, आणि करदात्याला मात्र सबळ कारण दाखवून तीन वेळा तारीख वाढवून घेता येते. शिवाय अपिलात सुनावणी होतेच.

हिशेबनीस:
साहेब, अपिलासाठी वादातील कराची १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. त्याहून मोठी अडचण अशी की, कलम १०७(११) मुळे अपिलीय अधिकाऱ्याला प्रकरण मूळ अधिकाऱ्याकडे परत पाठवता येत नाही, म्हणजे पहिल्या पायरीवरची हुकलेली सुनावणी तिथून परत मिळत नाही.

पेठेतला व्यापारी:
फॉर्म भरतो कोण, हेही पाहावे. आमच्याकडे तो अर्धवेळ अकाउंटंट भरतो, आणि वीस तारखेच्या, म्हणजे ३बी भरायच्या, धावपळीत ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो.

निवृत्त करअधिकारी:
तसे असेल तर तो रकानाच काढून टाकावा आणि प्रत्येक नोटिशीत सुनावणीची तारीख, वेळ व ठिकाण द्यावे. मात्र त्या दिवशी कोणी फिरकले नाही, तर संधी मिळाली नाही ही तक्रार पुढे कोणी ऐकू नये.

हिशेबनीस:
मान्य आहे, पण ती नोटीस पोर्टलच्या कुठल्याशा टॅबमध्ये टाकून भागणार नाही. उत्तर आले नाही, तर ती टपालानेही पाठवावी.