मदत हवी आहे: विजयदुर्गची आरमारी गोदी नीट बघायची आहे

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर शाळेतल्या नववीच्या मुलांना घेऊन विजयदुर्गला जातोय. किल्ला बघायला मार्गदर्शक मिळतातच. माझा जीव अडकलाय तो वाघोटण खाडीकाठच्या, गिर्ये गावाजवळच्या गोदीत. तिथे कातळ फोडून केलेली जागा आहे. मराठा आरमाराचे सरदार आंग्रे-धुळप यांच्या काळात गुराबा आणि गलबतं (शिडाची लढाऊ जहाजं) तिथे दुरुस्तीला यायची. खडकाची उतरण आणि पाण्याकडचं तोंड मुलांना हात लावून बघता यावं, एवढीच इच्छा आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी याच बंदरात तुळाजी आंग्रेंचं आरमार जाळलं, हे गोदीत उभं राहून सांगितलं तर पोरं विसरणार नाहीत.

आता अडचण अशी की भरतीला गोदीत पाणी भरतं. ओहोटीला नेमकं किती वेळ आधी पोचावं? रस्त्याने बस जवळ जाते का, की जेटीवरून होडी करणं बरं? पोहता न येणारी मुलं आहेत, त्यामुळे लाइफ जॅकेट देणारा होडीवाला हवा.

शिवाय, त्या भागात अजून लाकडी होड्या बांधणारे सुतार असतील तर त्यांची भेट घालून द्याल का? इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी १८९८ चं सूर्यग्रहण जिथून पाहिलं ते साहेबाचे कट्टेही दाखवायचे आहेत, ते किल्ल्यात सहज सापडतील. गोदीचं मात्र स्थानिक माणसानेच सांगावं. देवगड, गिर्ये, पडेलकडचं कुणी आहे का इथे?